मूळ नळी

लँडग्रेनने पेटीचे झाकण उघडले, पिस्तूल बाहेर काढले, कानाजवळ नेऊन हलक्या हाताने हलवले आणि त्याच्या चेहऱ्यावरचे हसू तिथेच थांबले.

वेंडेल होरवाथ टेबलाच्या अलीकडे उभा होता. त्याने मुद्दामच दुसरीकडे पाहिले होते. सकाळी कपाटातून काढून गाडीत ठेवतानाही त्याने पेटी उघडली नव्हती. उघडली तर आपण निघणार नाही, हे त्याला ठाऊक होते. ओसरीवर काहीतरी टक् टक् वाजत होते, पन्हळीचा पत्रा सुटला असावा. आल्यावर शिडी लावून बघू, असे मनाशी म्हणत त्याने गाडी सुरू केली होती. आता तो जत्रेच्या मैदानावर, बंदुकांचा बाजार भरलेल्या पत्र्याच्या हॉलमध्ये उभा होता. रांगेने टेबले, टेबलांवर हिरवी कापडे, त्यांवर बंदुका, आणि सगळीकडे कॉफीचा नि बंदुकीच्या तेलाचा वास.

"हे तेच ना?" लँडग्रेनने विचारले.

"तेच म्हणजे?"

"फोनवर म्हणाला होतात ते. युद्धाच्या आधीचं, वडिलांचं. सगळं मूळ."

"सगळं मूळ आहे. एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही."

लँडग्रेनने पिस्तूल पुन्हा एकदा कानाशी हलवले. "त्या काळचं पिस्तूल हलवलं की जरा खुळखुळतं, होरवाथसाहेब. म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखं. हे खुळखुळत नाही."

त्याने स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली. ती आवाज न करता सरकली आणि आवाज न करता परतली. मग सराईत हातांनी त्याने पिस्तूल खोलले आणि भाग एकेक करून कापडावर मांडले. शेवटी नळी उचलून दिव्यासमोर धरली, एका डोळ्याने तिच्यातून पाहिले, आणि ती वेंडेलपुढे केली.

वेंडेलने चष्मा वर सरकवला. नळी पांढरीशुभ्र होती. बाजूला जिथे कारखान्याची अक्षरे असायची, ज्यांवरून लहानपणी तो बोट फिरवत असे, तिथे काहीच नव्हते. तळव्यावरच्या तुळतुळीत पोलादाकडे तो पाहत राहिला. कानांत आधी गुणगुण झाली, मग हॉलमधला गलका दूर गेला.

"बसा," लँडग्रेन म्हणाला. "अहो, बसा आधी. खुर्ची आहे तिथे."

"ही माझी नळी नाही."

"ते दिसतंयच."

"मी हिला हातसुद्धा लावलेला नाही. कुणीच लावलेला नाही."

"कुणीतरी लावलाय. आणि लावणारा साधा नाही." लँडग्रेनने स्लाइड उलटी केली. "या कडा बघा. ठोकून आत घेतल्यात, मग घासून बसवल्यात. केसाइतकी जागा ठेवलेली नाही. नळी हाताने बसवलीय. चार राज्यांत असं काम करणारे फार नाहीत. पण माझ्याकडे जे येतात ना, त्यांना काम नको असतं. त्यांना हात न लागलेलं हवं असतं. आजीच्या तोंडात नवी कवळी बसवल्यासारखं झालंय हे. चावता झकास येईल, पण आजी ओळखू येत नाही."

वेंडेलला हसू आले नाही. "किती?" एवढेच त्याने विचारले.

"मी नऊ हजार म्हणालो होतो. असं, अडीच. तेही तुम्ही आहात म्हणून." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मूळ नळी असेल तर गोष्ट वेगळी. स्लाइडचं झालं ते झालं, पण नळी आणलीत तर पाचाच्या वर जाईन. संध्याकाळी मी तुमच्या घरी फोन करतो. शोधा. असल्या नळ्या कोणी टाकून देत नाही."

वेंडेलने पिस्तूल जोडले. प्रत्येक भाग पहिल्याच प्रयत्नात जागेवर बसला. इतके नेमके ते कधीच बसत नसत. नळीच्या मागच्या ओठावर, जिथे काडतूस आत शिरते, तिथे एक बारीकशी गोलाई घासलेली होती. अशी गोलाई एकच माणूस घासत असे. ती पाहिल्यावर हे काम कोणाचे, ते विचारण्याची गरज उरली नाही.

*

मर्ल स्ट्रूबलची कार्यशाळा घरामागच्या गॅरेजात होती. सरोवराच्या या काठावर नेमबाजी करणारा जो तो कधी ना कधी तिथल्या मोडक्या खुर्चीत बसून गेला होता. ऐन उमेदीत वेंडेल आणि स्ट्रूबल स्पर्धेला शेजारी शेजारी उभे राहत आणि वर्षभर एकमेकांना टोमणे मारत. वेंडेल आत आला तेव्हा स्ट्रूबल बाकावरच्या व्हाइसच्या पकडीवर वाकला होता.

"आलास म्हाताऱ्या!" कानस खाली ठेवत तो ओरडला. "तुझीच वाट बघत होतो. झाडून पाहिलंस? खोटं बोलू नकोस, पाहिलंस ना?"

वेंडेलने पेटी बाकावर ठेवली. "हे तू केलंस."

"मग काय तुमच्या पाद्र्याने केलं? अरे, किती संध्याकाळी घातल्यात मी त्यात! काजळी लावायची, बसवून बघायची, कुठे घासतंय ते पाहून कानशीचा एक हात मारायचा. एकच. दुसरा मारला की नळी वाया. आता पन्नास यार्डांवर याच्या सगळ्या गोळ्या कपाच्या तोंडात मावतील. तुझ्या हातून बशीत मावल्या तरी पुरे."

"मला विचारलं का नाहीस?"

"तुझी बायको पेटी घेऊन आली होती. आर्डिस म्हणाली, विचारू नकोस. विचारलंस तर तो नको म्हणेल आणि पेटी पुन्हा कपाटात जाईल. या उन्हाळ्यात वेंडेल मैदानात उतरणार आहे, म्हणाली. मला तर नाचावंसं वाटलं, खरं सांगतो. मजुरीचंही नाव काढलं नाही मी. खसखशीचे रोल घेऊन आली होती, तुझ्या आईसारखे. त्यावर भागलं."

"आर्डिस म्हणाली."

"का? तिने तुला नंतर सांगितलं नाही?"

वेंडेल मोडक्या खुर्चीत बसला. गुडघ्यांवर हात ठेवून तो म्हणाला, "त्याची किंमत गेली, मर्ल."

"गेली? आता कुठे आली! कुठल्याही नेमबाजाला विचार—"

"मी नेमबाजाला विकत नव्हतो."

स्ट्रूबलने सावकाश पुसणे हातात घेतले आणि स्वच्छ असलेली बोटे पुसू लागला.

"विकत नव्हतो म्हणजे? तू विकायला काढलं होतंस?"

"कानाच्या मशीनसाठी. तिचे दोन्ही कान. विमा त्याला एक डॉलर देत नाही. सगळं ठरलं होतं. आज देऊन यायचं, सोमवारी तिला घेऊन जायचं."

"तिला ठाऊक होतं?"

"कसं असेल? मी सांगितलंच नव्हतं."

बाहेर शेजाऱ्याचे गवत कापायचे यंत्र सुरू झाले आणि बंद पडले. स्ट्रूबल पेटीकडे पाहत होता. थोड्या वेळापूर्वी आपल्या सगळ्यात सुंदर कामाकडे पाहणारा तोच माणूस आता त्या कामाकडे, एखाद्याचा पाय आपल्याच गाडीखाली यावा तसा पाहत होता.

"मी भरून देतो," तो म्हणाला.

"वेडा आहेस का?"

"मग काय करू? सांग."

"मूळ नळी कुठे आहे?"

"तिला दिली. पिशवीत घालून. जुना तुकडा मी ठेवत नाही, तुला माहीत आहे. गिऱ्हाइकाचं ते गिऱ्हाइकाच्या हातात." स्ट्रूबलने आठवून पाहिले. "तिने ती इथेच दारात उभं राहून पिशवीतून काढली. उन्हात फिरवून बघितली. खालच्या भोकाला बोट लावून विचारलं, हे कशाला? म्हटलं, यात खीळ जाते, कडी बसते. तर म्हणाली, बरं झालं, पाडायला नको."

"पाडायला?"

"असंच म्हणाली. मला वाटलं, काहीतरी बायकी."

*

वेंडेल घरी पोचला तेव्हा आर्डिस ओसरीवर बसून घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत होती. गाडीचा आवाज तिला आला नाही. फळ्या हलल्या तशी तिने मान वर केली. सरोवरावरून ओला वारा येत होता. तिच्या डोक्यावर आढ्याला टांगलेल्या पवनघंटेच्या बारीक नळ्या किणकिणत होत्या. मुलीने फार वर्षांपूर्वी पाठवलेल्या होत्या त्या. आर्डिसला त्या ऐकू येणे थांबल्यावरही तिने काढल्या नव्हत्या. हलताना दिसतात, म्हणे. किणकिणीच्या मध्ये एक बसका आवाज पडत होता. टक्. पुन्हा किणकिण. टक्.

त्याने पेटी तिच्या पुढ्यात, शेंगांच्या पातेल्याशेजारी ठेवली.

"तू काय केलंस हे?" तो पेटीकडे बघत म्हणाला.

"माझ्याकडे बघून बोल."

त्याने तिच्याकडे पाहिले. पुन्हा तेच विचारायला गेला, पण ओठ नीट हलेनात.

"विकलं नाही ना?" तिने विचारले.

"घेतलं नाही त्याने. घेत होता, पण..." तो थांबला. "विकायचं आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"तूच."

"मी?"

"मार्चमध्ये. स्वयंपाकघरात, भिंतीच्या फोनवर. मी कणीक मळत होते, तू माझ्याकडे तोंड करून उभा होतास. तुझ्या ओठांवर सगळं दिसलं मला. नऊ हजार दिसलं. जूनचा शनिवार दिसला." एक शेंग मोडून तिने पातेल्यात टाकली. "मग तो काहीतरी म्हणाला असेल, तर तू म्हणालास, नाही हो, तिची काळजी नको, ती इथेच आहे, तिला ऐकू येत नाही. आणि हसलास."

वेंडेलने कठड्याला हात लावला. हसल्याचे त्याला आठवत नव्हते. पण हसलो असणार, हे त्याला कळले. त्या हसण्याची जागासुद्धा डोळ्यांपुढे आली, फोनची तार, खिडकी, आणि पिठाचे हात घेऊन त्याच्या तोंडाकडे पाहत असलेली ती. तेव्हा ती काय बघत होती, याचा त्याने एकदाही विचार केला नव्हता.

"तुझ्यासाठीच विकत होतो, आर्डिस."

"तेही दिसलं."

"मग?"

"मग काय? कान माझे. त्यांच्यासाठी काय विकायचं, ते मला नको विचारायला?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. म्हणून तू विचारलं नाहीस. मीही तुला विचारलं नाही. फिटलं."

तो खुर्चीत बसला. पेटीवर बापाच्या नावाची आद्याक्षरे होती. बापाने ते पिस्तूल आयुष्यभर वापरले आणि मरताना याला दिले. मग वेंडेलने वापरले. आर्डिस मागे दुर्बिणीशी बसे आणि प्रत्येक गोळी कुठे लागली ते ओरडून सांगे: दहा, दहा, नऊ, डावीकडे जातोयस, घोड्यासारखा श्वास घेऊ नकोस. आवाज अडवणारे कानांवरचे जाड डबे तेव्हा नुकतेच निघाले होते. ते नेमबाज लावत. मागे बसणाऱ्यांना कापूस.

"याच पिस्तुलाने तुझे कान नेले," तो तिच्याकडे बघून म्हणाला. "त्यानेच ते परत द्यावेत, एवढंच माझ्या मनात होतं."

आर्डिसने हातातली शेंग ठेवली. हे तिने अपेक्षिले नसावे. ती त्याच्या ओठांकडे, ते मिटल्यानंतरही, पाहत राहिली.

"पिस्तुलाने नाही नेले," ती म्हणाली. "मी तिथे बसायला येत होते. मला आवडायचं. मला कोणी खुर्चीला बांधलं नव्हतं." मग थोड्या वेळाने, "तुला आठवतं, याची किंमत तुला कोणी सांगितली?"

"त्या पिट्सबर्गच्या माणसाने. मैदानावर."

"हो. म्हणाला, आजोबा, हे मूळ आहे, प्रत्येक गोळीला याची किंमत उतरतेय. झालं. त्या दिवशी तू ते पुसलंस, पेटीत घातलंस, आणि पुन्हा कधी झाडलं नाहीस. उन्हाळा आला की मी विचारायची, जायचं का? तू म्हणायचास, खराब होईल. दुसरं घे म्हटलं, तर दुसऱ्यात मजा नाही. आधी मला वाटलं, माझ्यामुळे येत नाहीस, मला ऐकू येत नाही म्हणून. मग कळलं की त्या किमतीमुळे. पेटीत पैसे ठेवले होतेस तू, पिस्तूल नव्हतं."

"म्हणून तू ते मोडलंस."

"मोडलं? मर्ल तर म्हणाला, कपाच्या तोंडात—"

"मर्लला ठाऊक नव्हतं! तो बिचारा तिथे रडायचा बाकी आहे."

"त्याला रोल पाठवते," आर्डिस म्हणाली, आणि तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हलले.

वारा वाढला. नळ्या एकमेकींवर आपटल्या. टक्. वेंडेलने त्रासून वर पाहिले, पन्हळीकडे. पन्हळ जागच्या जागी घट्ट होती. टक्. मग त्याची नजर खाली आली.

चांदीच्या रंगाच्या बारीक नळ्यांमध्ये, हिवाळ्याच्या वादळात एक तुटून पडली होती त्या जागी, आखूड, जाड, काळपट अशी एक नळी लोंबत होती. खालच्या भोकातून निळी दोरी ओवलेली होती. ती स्वतः वाजत नव्हती. शेजारची वाजू लागली की तिला आपटून गप्प करत होती. बाजूची अक्षरे इथूनही दिसत होती. त्यांवर तांबूस पूड धरू लागली होती.

तो उठून उभा राहिला. कितीतरी दिवस तो या आवाजाखालून ये-जा करत होता.

आत फोन वाजू लागला.

"फोन वाजतोय ना?" आर्डिस म्हणाली.

तो दचकला. "तुला कसं..."

"तुझी मान वळली."

फोन वाजतच राहिला. लँडग्रेन चिवट माणूस होता. वेंडेल दाराकडे पाहत होता आणि आर्डिस त्याच्याकडे. आत जाऊन फक्त 'सापडली' म्हणायचे होते. गंज अजून वरवरचा होता. तेल आणि मऊ ब्रश, एका बैठकीचे काम.

"तोच असेल," ती म्हणाली. "सांग त्याला, नळी आहे. जायचं तर जा. मी दोरी धरून ठेवणार नाही. मला जे करायचं होतं ते मी केलं, आता तुझं तू बघ."

"आणि तुझे कान?"

"एका कानाचं बघू हळूहळू. दोन कशाला? घरात बोलणारा एकच आहे." तिने पातेले मांडीवर ओढले. "आणि दुर्बिणीतून बघायला मला कान लागत नाहीत. ओरडायलाही लागत नाहीत."

फोन थांबला. मग ओसरीवर वाऱ्याचाच आवाज राहिला.

"वेंडेल," आर्डिस म्हणाली. "कशी वाजते रे ती? मला कधीचं विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर तुला कळलं असतं."

त्याने ऐकले. नीट, डोळे मिटून ऐकले. मग डोळे उघडले, तिच्याकडे तोंड केले आणि एकेक अक्षर तिला दिसेल असे म्हणाला, "बेसूर."

ती हसली. मोठ्याने, स्वतःचे हसू ऐकू न येणारी माणसे हसतात तशी.

वेंडेलने पेटी उघडली. झाकणाच्या आत बापाच्या वेळेपासून असलेली तेलाची बारकी बाटली आणि फलाणीचा तुकडा होता. त्याने फलाणीवर तेलाचे थेंब टाकले, खुर्ची आढ्याखाली ओढली आणि हळूच तिच्यावर चढला. आर्डिसने एका हाताने खुर्चीची पाठ धरली. त्याने नळी तळव्यात घेतली आणि अक्षरांवरून अंगठा फिरवत पुसू लागला. तांबूस पूड फलाणीवर उतरत गेली. मग त्याची बोटे निळ्या दोरीपाशी गेली.

आर्डिस खालून त्याच्या बोटांकडे पाहत होती.

गाठ सैल झाली होती. त्याने ती आवळली.